मांजर परीक्षेला बसतं

मांजर जरा हळू पळावं, एवढीच माझी इच्छा होती. ही इच्छा अवास्तव आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. फ्रान्समधल्या बझांसों नगरपालिकेत पार्किंग परवान्यांच्या खिडकीमागे बसून मी लोकांच्या एकेक इच्छा ऐकत आलोय. एका गृहस्थाने तर आपल्या होडीसाठी भर बाजारपेठेत जागा मागितली होती, आणि होडी अजून घेतलेली नव्हती. त्या मानाने माझं मागणं म्हणजे काहीच नाही.

मांजर खरं नव्हे. माझ्या मुलीच्या, आपोलीनच्या कॅल्क्युलेटरमधलं. लिसेतल्या, म्हणजे वरच्या शाळेतल्या, झाडून सगळ्या पोरांच्या दप्तरात तो आलेख काढणारा जाडजूड कॅल्क्युलेटर असतो. पोरांनी त्यावर आलेख काढावेत अशी शिक्षणखात्याची भाबडी अपेक्षा असते. माझ्या पोरीने त्यावर मांजर काढलं. गणिताच्या तासाला मागे बसून तिने अख्खा खेळ रचला होता: आमच्या गावाची कौलारू छपरं, त्यांवरची धुरांडी आणि त्यांच्यावरून उड्या मारत पळणारं एक काळं मांजर. उडी चुकली की मांजर रस्त्यात पडायचं आणि पडद्यावर अक्षरं उमटायची: ‘अरेरे, पापा.’

ती ‘अरेरे, पापा’ अक्षरं मी रोज संध्याकाळी वाचत असे. पहिलं छप्पर पार व्हायचं, दुसरं पार व्हायचं, आणि तिसऱ्याच्या टोकाला मांजर पडायचंच. मी चिडत नसे. खरं सांगायचं तर जेवणानंतर चीजचा तुकडा चघळत मी त्या वाक्याचीच वाट पाहायचो. घरात मला ‘पापा’ म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. तिची आई ती लहान असतानाच गेली, आणि आपोलीन शिकून झाल्यावर कॅल्क्युलेटर मागे ठेवून केर्गेलेन बेटावर पेट्रेल पक्षी मोजायला गेली होती. नकाशात ते बेट शोधायचं तर आफ्रिका संपल्यावर बोट थांबवायचं नाही, बर्फ लागेपर्यंत खाली यायचं. तिथे झाडं नाहीत, नुसता वारा. टपाल बोटीने जातं, बोटीला वाटेल तेव्हा.

दर रविवारी तिचा फोन यायचा. आवाज उपग्रहावर चढून उतरायचा, त्यामुळे मी ‘जेवलीस का?’ विचारलं की उत्तर ‘पाऊस पडतोय’ असं यायचं. मग मागून ‘जेवले’ यायचं.

“तिसरं छप्पर ओलांडलंत का, पापा?”

“होतच आलंय.”

“खरं?”

“पुढच्या रविवारी बघ.”

शब्द देऊन बसलो. म्हणून मांजर हळू पळायला हवं होतं. मी ही गोष्ट जिन्यात बोलायला नको होती. आमच्या इमारतीत जिन्यात बोललेली गोष्ट म्हणजे जाहीर निविदा.

मादाम ग्रोपेरां पहिल्या मजल्यावर राहतात आणि घरमालकांच्या समितीच्या अध्यक्ष आहेत. त्या समितीत त्यांना विरोध करणारं कोणी उरलेलं नाही. काही वारले, काही दुसरीकडे राहायला गेले. त्या म्हणाल्या, “यंत्रं जुनी झाली की सैरावैरा पळतात, मस्यो झानरो. माझा पहिला नवरा तसाच होता.”

“जुनी यंत्रं पळत नाहीत, दमतात,” वरून आवाज आला. हे मस्यो व्हर्नरे. यांनी घड्याळांच्या कारखान्यात जन्म काढला. त्यामुळे इमारतीतल्या प्रत्येक यंत्रावर पहिला हात त्यांचा. ते तिथे जेवणघर सांभाळत होते हे आम्हाला फार उशिरा कळलं, तोवर माझं भिंतीवरचं घड्याळ गेलेलं होतं. “वेग कमी करायचाय ना? त्याला एक झटका द्यायचा. शांत होतं.”

“झटका म्हणजे?”

“द्या इकडे.”

मी दिला. माणूस कधी कधी का देतो ते समजत नाही. व्हर्नरेंनी चष्मा कपाळावर चढवला, दोन-चार बटणं एकदम दाबून धरली आणि यंत्र चालू केलं. पडद्यावर दाट अक्षरांत काहीतरी सूचना आली आणि खाली ‘होय’ आलं. उभ्या आयुष्यात मी खिडकीतून लोकांना सांगत आलोय, ‘वाचू नका हो, खाली सही करा.’ त्याच सवयीने माझं बोट ‘होय’वर गेलं.

कॅल्क्युलेटरच्या डोक्यावर लाल दिवा लुकलुकू लागला.

“बघा,” व्हर्नरे समाधानाने म्हणाले, “जिवंत झालं.”

“अगंबाई!” मादाम ग्रोपेरां ओरडल्या. “ही तर परीक्षा सुरू झाली! माझ्या भाचीच्या वेळी सगळ्या वर्गात हेच दिवे लुकलुकत होते, नाताळसारखे. पोरांनी कॉपी करू नये म्हणून हे लावतात. मग यंत्रात नुसती बेरीज-वजाबाकी उरते, बाकी सगळं बंद.”

“मग ते परत उघडायचं कसं?”

“ते भाची नाही सांगू शकायची. ती नापास झाली.”

माहितीपत्रक काढून वाचलं. परीक्षा बंद करायला एकच मार्ग होता: केबलने तसाच दुसरा कॅल्क्युलेटर जोडायचा, नाहीतर संगणक. आतल्या ऐवजाचं काय होतं याबद्दल मात्र पत्रक मौन पाळून होतं. त्यावरून इमारतीत दोन पक्ष पडले. व्हर्नरे म्हणत, मांजर आत दडून बसलंय, परीक्षा उठली की बाहेर येईल. ग्रोपेरांबाई म्हणत, पुसलं गेलं, आता मेणबत्ती लावा. मी व्हर्नरेंच्या पक्षात होतो. या माणसाच्या पक्षात मी आयुष्यात पहिल्यांदाच होतो.

माझ्या घरच्या संगणकाने त्या कंपनीचा प्रोग्राम बघताच मान टाकली. तो बिचारा माझ्याच पिढीचा. मग ऑफिस. आमच्या संगणक विभागाच्या प्रमुखबाई माझ्यासोबत कॉफी पितात, माझ्या वाढदिवसाला गातात. पण केबल बघताच त्यांचा चेहरा सरकारी झाला.

“परकी वस्तू आहे ही, रेझी.”

“माझ्या मुलीची आहे.”

“मुलगी नगरपालिकेत आहे का?”

“नाही.”

“मग परकी.”

मी माझ्या खिडकीत हे शब्द किती जणांना ऐकवले असतील! पण ऐकताना ते इतके वाईट लागतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी आपोलीनच्या लिसेत गेलो. जिथे असे शेकडो कॅल्क्युलेटर आहेत तिथे एक मिनिटभर कोणी देणार नाही का? फाटकाशी काचेच्या खोलीत एक चौकीदारबाई होत्या. वागायला अतिशय गोड.

“आपलं पाल्य कुठल्या वर्गात?”

“ती शिकून गेली इथून. मी तिचा बाप.”

“म्हणजे आपण माजी पालक,” त्या हसून म्हणाल्या. “माजी पालकांना आत सोडत नाही हो आम्ही.”

मी फाटकाबाहेर उभा राहिलो. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरांचा लोंढा आला आणि माझ्या दोन्ही बाजूंनी वाहून गेला. याच फाटकाशी मी पूर्वी गाडी लावून थांबायचो आणि मी मैत्रिणींना दिसू नये म्हणून आपोलीन मला कोपऱ्यापलीकडे थांबायला सांगायची. आता मी अगदी दारात उभा होतो आणि लाजणारं कोणी नव्हतं. माजी नगरसेवक ऐकला होता, माजी सैनिक ऐकला होता. माजी पालक ही जात मला नवीन होती.

त्या बाईंना माझी दया आली असावी. काचेवर टकटक करून त्यांनी बोलावलं आणि सांगितलं, “शनिवारी दुपारी नदीपलीकडच्या समाजकेंद्रात जा. तिथे या यंत्रांची कुलपं फोडणारे लोक जमतात.”

कुलपं फोडणारे! शनिवारी मी पाकीट घरी ठेवून गेलो, आणि ओळखू येऊ नये म्हणून रेनकोटची कॉलर वर केली. आत पाहतो तो टेबलावर अक्रोडाचा केक, आणि भोवती टक्कल पडलेले चार-पाच गृहस्थ आपापल्या कॅल्क्युलेटरवर वाकून बसलेले. एकाचा कॅल्क्युलेटर सकाळपासून एका डोंगराचं चित्र रंगवत होता आणि अजून निम्म्यावर होता. मालक हात जोडून बघत बसला होता. टेबलाच्या टोकाला पांढरे केस आखूड कापलेल्या एक बाई होत्या.

“युगेत्त बोनव्हालो,” त्यांनी हात पुढे केला. “दातांची डॉक्टर. काय दुखतंय?”

मी लुकलुकता दिवा पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला, सगळ्या बाजूंनी पाहिला, खोक्यातून केबल काढून आपला कॅल्क्युलेटर जोडला आणि म्हणाल्या, “जरा दुखेल हं.”

दिवा विझला. त्यांनी आतली यादी उघडली. पडदा कोरा होता.

“या जातीत परीक्षा लागली की सगळं पुसलं जातं,” त्या हलकेच म्हणाल्या. “दुसरीकडे कुठे प्रत आहे?”

“माहीत नाही. मुलीला विचारावं लागेल. आणि तिला सांगायचं म्हणजे...”

“कुठे असते ती?”

“केर्गेलेनला.”

डोंगरवाल्याने आपल्या डोंगरावरून पहिल्यांदाच नजर उचलली. कोणीतरी माझ्यापुढे केकचा तुकडा सरकवला. मयताच्या घरी जसं सगळे थोडं जास्तच जपून बोलतात, तसं बोलणं सुरू झालं. मला खरं तर तो प्रकार हास्यास्पद वाटायला हवा होता. मी केक खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आल्याचं खापर अक्रोडावर फोडलं.

पुढच्या रविवारी आपोलीन स्वतःहूनच म्हणाली, “पापा, मांजराचा खेळ पाठवाल का मला? इथल्या हवामानवाल्याकडे तसलाच कॅल्क्युलेटर आहे. माझ्याकडे प्रत नाही, जुना लॅपटॉप मेला तेव्हाच ती गेली. फार आठवण येते हो त्या छपरांची. इथे छपरं अशी नाहीतच, नुसते पत्र्याचे डबे.”

खरं सांगण्याची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “पाठवतो की. जरा सवड होऊ दे.”

अशा रीतीने मांजर हळू करायला निघालेल्या माणसावर अख्खं मांजर जन्माला घालायची पाळी आली.

युगेत्तबाईंनी मला शिकवायला घेतलं. पहिला धडाच गुन्ह्याचा होता. कंपनीने घरगुती प्रोग्रामांना दार बंद करून ठेवलेलं असतं. आपोलीनने कुठल्याशा फटीतून ते किलकिलं केलं होतं आणि पुसापुशीत फटही बुजली होती. “आधी घरफोडी, मग मांजर,” बाई म्हणाल्या. ज्याने रस्ता रिकामा असतानाही लाल सिग्नल कधी ओलांडला नाही असा मी, एका शनिवारी भरदुपारी, केक खात खात, स्वतःच्या मुलीच्या कॅल्क्युलेटरचं दार फोडून आत गेलो. आत काहीच नव्हतं, पण मी दोनदा मागे वळून दाराकडे पाहिलं हे कबूल करायला हवं.

मांजर काढणं किती कठीण असतं ते मांजर असणाऱ्यांना कळायचं नाही. माझं पहिलं मांजर वर उडी मारायचं आणि खालीच यायचं नाही. ते आकाशात गेलं, बहुधा अजून जातंय. दुसरं छपरातून आरपार पडायचं. तिसरं उभं राहायचं, पण धुरांडी पळायची. युगेत्तबाई माझ्या प्रोग्रामातून दातांत शोधावी तशी कीड शोधायच्या आणि सापडली की ‘हं, ही बघा’ असं प्रेमाने म्हणायच्या. डोंगरवाला म्हणायचा, मांजराला सावली हवी. दुसरा म्हणायचा, सावली म्हणजे चैन, आधी मिशा.

इमारतीतही बातमी फुटलीच. मादाम ग्रोपेरांनी बजावलं, “आमचं छप्पर दाखवणार असाल तर त्या शेजाऱ्यांचा बेकायदा ॲन्टेनाही दाखवा. कुठेतरी नोंद राहू दे.” व्हर्नरे रोज चाचणी घ्यायला यायचे आणि मांजर पडलं की यंत्रालाच झटका देऊ बघायचे. मी कॅल्क्युलेटर सॉसेजच्या भांड्याआड लपवायला शिकलो.

एका दुपारी मी ‘अरेरे, पापा’ ही अक्षरं टाईप केली. मुद्दाम मांजर पाडून पाहिलं. अक्षरं आली; जागाही तीच, ठसाही तोच. पण आपण आपल्यालाच ‘पापा’ म्हणून काही उपयोग नसतो. मी ती ओळ खोडून टाकली. नुसतं ‘अरेरे’ ठेवलं.

खरी अडचण पुढे होती. तिसऱ्या छपरापर्यंतची वाट मला पाठ होती, पण पलीकडे काय होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. तिला विचारता येत नव्हतं. तेव्हा मी ठोकून दिलं. तिसऱ्या छपराच्या टोकाला एक फळी टाकली, चौथं छप्पर बांधलं, आणि त्याच्या कडेला एक खिडकी ठेवली. खिडकीत दिवा, आत टेबल, टेबलावर सुपाचं भांडं. मांजर खिडकीतून आत उडी मारायचं, टेबलाशेजारी बसायचं आणि खिडकी लागायची. खेळ समाप्त. युगेत्तबाईंनी तो शेवट पाहिला, मला काही विचारलं नाही, फक्त सुपावर वाफ कशी काढायची ते दाखवलं.

पाठवायला काही क्षण लागले. एवढासा प्रोग्राम तो, चीजच्या एका फोटोपेक्षाही हलका. केर्गेलेनच्या थेंब थेंब गळणाऱ्या इंटरनेटमधूनही तो सुळकन गेला असणार. मग मी रविवारची वाट पाहू लागलो. त्या आठवड्यात मी खिडकीत इतके चुकीचे परवाने दिले की एका आजीबाईंना ट्रक लावायची मुभा मिळाली.

फोन आला.

“पापा, हा माझा खेळ नाही.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मांजर जाड आहे. आणि वरून कुठूनसा ॲन्टेना घुसलाय.”

“आपोलीन, त्याचं असं झालं...” मी सगळं सांगितलं. व्हर्नरे, लाल दिवा, नगरपालिका, फाटक, अक्रोडाचा केक. वाटलं, लाईन गेली. मग मागाहून, उपग्रहावरून उतरत, तिचं हसू आलं, ते थांबेचना.

“म्हणजे हे सगळं तुम्ही लिहिलंत? तुम्ही? टीव्हीचा रिमोट चालवता येत नाही तुम्हाला!”

“मांजर पडत नाही ना छपरातून?”

“नाही पडत. पापा, ऐका. त्या तिसऱ्या छपरापुढे काही नव्हतंच. शालान्त परीक्षा आली आणि राहून गेलं. ती फट उडीपेक्षा रुंद होती. कोणालाच ओलांडता आली नसती.”

“मग मला दर रविवारी का विचारायचीस?”

“तुम्ही रोज खेळता हे ऐकायला बरं वाटायचं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “इथे सगळे खेळले तुमचा खेळ. स्वयंपाकी तर ड्युटी विसरला. सूप बघून सगळ्यांना घरची आठवण आली. पण पापा, एक चूक आहे. मांजर आत गेलं की खिडकी परत उघडत नाही.”

“बाहेर थंडी असते,” मी म्हणालो.

“पापा.”

“वाराही असतो.”

“पापा, मी आणखी एक हिवाळा राहतेय. विचारलं त्यांनी, मी हो म्हटलं. पिलं आता कुठे अंड्यातून बाहेर यायला लागलीत. तुम्हाला कसं सांगू कळत नव्हतं.”

मी ‘छान’ म्हणालो. ‘वा, छानच’ असंही म्हणालो. माझा आवाज खिडकीतला झाला होता, परवाना मंजूर करतानाचा. गरम कपडे आहेत का, विचारलं. ‘पिलांचे डोळे उघडलेत’ असं उत्तर आलं, मग ‘आहेत’ आलं. मग लाईन खरंच गेली.

त्या संध्याकाळी मी काही खेळलो नाही. मादाम ग्रोपेरां जिन्यात भेटल्या. बातमी सांगितल्यावर त्यांनी सल्ला दिला नाही. त्यांना ओळखत असल्यापासून हे प्रथमच घडत होतं. माझ्या दंडावर हात ठेवून त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि वर निघून गेल्या.

शनिवारी समाजकेंद्रात गेलो. डोंगर पूर्ण झाला होता आणि दुसरा सुरू होता. युगेत्तबाईंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

“आज काय दुखतंय?”

“खिडकी आतून उघडायला हवी,” मी म्हणालो. “मांजराला बाहेर जाता आलं पाहिजे.”

“सोपं आहे. दोन ओळींचं काम.”

“मला सांगू नका. मी करतो.”

मी लिहायला बसलो. खरोखरच दोन ओळींचं काम होतं. केंद्राचे दिवे मालवायची वेळ झाली तरी मी त्याच दोन ओळींवर होतो, आणि युगेत्तबाई अंगात कोट घालून, हातात केकचा रिकामा डबा घेऊन, माझी घाई न करता उभ्या होत्या.